टाइमआउटचा रकाना

स्कोअरशीटवर दोनच संघांना टाइमआउटच्या चौकटी असतात.
तिसऱ्याला नाहीत.
तरी त्या रात्री तिसऱ्यानं हात वर केला,
गळ्यात पास, कानात वायर, विशीतलं पोरगं,
आणि रेफरीनं शिट्टी फुंकली.
आमच्या पोरींनी ओळीनं आठ गुण टाकले होते,
समोरच्यांचा एकही नव्हता.
दीड मिनिट टाइल्सची जाहिरात.
परत उतरल्या तेव्हा हात गार.
मी निमजे सरांना विचारलं, हे कुठं लिहू?
समासात लिहा, धोमणे. आपणही तिथंच आहो.

ते पहिलं वर्ष.

त्याआधी एकच यादी असायची,
विद्यापीठाच्या बोर्डावर गंजक्या टाचणीनं लावलेली.
एकोणतीस कॉलेजं: काटोल, कामठी, उमरेड,
पाचपावलीचं आमचं, जिथं मी लायब्ररीत पुस्तकं काढून देतो,
आणि हिंगणा रोडवरचं ते, ज्यांच्या बसला पडदे आहेत.
चिठ्ठी निघाली की कोणीही कोणाशीही.
एकदा आम्ही त्यांना एका गुणानं हरवलं.
रिंग वाकडी होती म्हणाले.
होती. दोन्ही संघांना तीच होती.

आता प्रीमियर गट. आठ कॉलेजं,
ज्यांच्याकडे लाकडी फ्लोअर आहे
आणि कॅमेऱ्याला उभं राहायला जागा.
उरलेल्यांचा विकास गट.
नाव ठेवणाऱ्याला मराठी चांगलं येत असावं.
चॅनलचे पैसे आठांत वाटले जातात;
आम्हाला सहा बॉल आले, आणि अभिनंदनाचं पत्र.

दिवाळीच्या आधी आचल हेडाऊ लायब्ररीत आली.
पुस्तक नको होतं.
गोळीबार चौकातला बापाचा माग कधीच विकला,
तो आता ई-रिक्षा चालवतो.
तिकडे हॉस्टेल, बूट, फी माफ, रोज दोन अंडी.
जाऊ काय, काका?
मी म्हटलं, विचारून काऊन राहिली? जा ना वं.
निमजे सरांचं पेन टीसीवर उठेना.
माझं घेतलं. लाल होतं.
त्यानं सही उठली.

टीव्हीवर तिच्या फोटोखाली 'हेडाव' येतं.
मी शीटवर बरोबर लिहितो.
शीट कोणी पाहत नाही.

माझंही सांगून टाकतो.
प्रीमियरच्या एका रात्रीचे मला पंधराशे मिळतात.
आधी दोनशे होते, आणि तर्री-पोहे.
हा चष्मा त्याच पैशांचा.
ह्यातून आमच्या कोर्टावरची चीर चांगली दिसते,
फ्री थ्रोच्या रेषेपाशी,
जिथं आचल डावा पाय ठेवायची.

परवा विकास गटाचा सामना होता, काटोलशी,
दुपारी साडेतीनला. संध्याकाळ प्रीमियरची.
सिमेंट तापलेलं.
आमच्या पाचच पोरी, बाकावर नुसत्या बॅगा.
तिसऱ्या क्वार्टरमध्ये बोकडेचा पाचवा फाउल.
मी लाल पेन ठेवलं, निळं घेतलं.
चौथ्यात मेश्रामांची धाकटी गेली,
जाताना बूट काढून अनवाणीच बसली.
काटोलचे सर टेबलापाशी आले, भला माणूस,
म्हणाले, थांबवू या का? एवीतेवी कोण पाहून राहिलं.
मी पुस्तक उघडलं नाही, नियम पाठ आहे:
सुरू करायला पाच लागतात,
चालू ठेवायला दोन पुरतात.

तीन होत्या.

निमजे सरांनी दोन्ही हातांचा टी केला.
मी हॉर्न दाबला, चौकटीत मिनिट लिहिलं, सात.
आमचा होता तो.
साठच्या साठ सेकंद.