काळी एकच्या किंचित खाली

जगद्दलच्या ज्यूट मिलचा भोंगा
पहाटे साडेपाचला वाजायचा
काळी एकच्या किंचित खाली.
बॉयलरात कोळसा कमी घालतात, म्हणून,
असं रियासत मियाँ म्हणायचे
आणि तेवढाच उतरवायचे आपला षड्ज.
मिलशी भांडून काय मिळणार?
ती आपल्यापेक्षा मोठ्यानं गाते.

ते टाइम ऑफिसात कारकून.
माझे वडील सातव्या लाइनीतले विणकर,
श्रीकाकुळमहून आलेले,
तागाच्या धुळीनं बंगालीत खोकणारे.
माझं नाव सिंहाचलम.
मियाँच्या जिभेवर ते कधी मावलं नाही.
गंडा बांधला त्या दिवशी
चणे-गूळ माझ्या तोंडात घालता घालता
त्यांनी त्यातला सिंह काढून टाकला.
चलम, म्हणाले. बैस.

बैस म्हणजे काय, ते कळायला दोन वर्षं गेली.
डावा पाय मुडपून त्यावर उजवा,
तुंबा डाव्या तळपायाशी,
दांडी अशी की हात सोडला तरी ढळू नये.
चार महिने नुसता दा.
मग रा.
मग एकच पलटा, चाळीस काड्यांचा:
दर खेपेला काडेपेटीतली एक काडी
डावीकडून उजवीकडे,
चुकलं की सगळ्या परत डावीकडे.
डास चावला तर म्हणत, चावू दे,
त्याला सम ठाऊक नाही.
तुला आहे.

बोटाला आधी फोड, मग चीर,
मग खोबरेल प्यालेली एक काळी वाट,
तिच्यावरून तार बिनतक्रार जाऊ लागली.
वडिलांनी एकदा माझा हात कंदिलाखाली धरला,
शेजारी स्वतःचा ठेवला.
त्यांच्या तर्जनीचं एक पेर मागानं नेलेलं.
अम्माला म्हणाले,
हिला पगार किती देतात, विचार.

मींड शिकताना बाजाची तार तुटली,
गाल कानापर्यंत फाटला.
मियाँनी आधी विचारलं, कुठं तुटली?
मध्यम ओलांडला होता, मी म्हटलं.
मग ठीक, म्हणाले,
आणि मग हळद आणायला धावले,
एका पायात चप्पल.

कलकत्त्याला रेडिओच्या परीक्षेत
लाल दिव्याखाली मी नापास झाले.
तिथला तंबोरा नेमका काळी एकचा.
तरफा चढवल्या मी, खुंट्या पिळल्या,
सितार हो म्हणेना,
परक्या घरी जेवायला बसलेल्या पोरासारखी
ओठ मिटून राहिली.
काचेपलीकडून कुणी विचारलं,
हा स्वर तुम्ही कुठून आणलात?
मी म्हटलं, जगद्दलहून.
ते हसले. तसे सज्जन होते.

त्या वर्षी पौषात मिलच्या फाटकावर
टाळेबंदीचा कागद लागला.
दुसऱ्या दिवशी साडेपाचला
नदीवर धुकं होतं आणि बाकी काहीच नव्हतं.
सातव्या लाइनीतली माणसं तरी उठली,
दारात उभी राहिली, दात घासू लागली,
कुठं जायचं नव्हतं.
मी मियाँकडे गेले.
ते खुंटीवर हात ठेवून बसलेले,
मान कारखान्याकडे,
जसा कुणी स्टेशनवर बसतो.
किती वेळ बसले होते कोण जाणे.
अरे कुणी स्वर द्या, म्हणाले, मला नाही, भिंतीला.

मी माझी सितार गवसणीतून काढली.
जोडीची तार छेडली.
भोंगा जिथं चुकायचा, नेमकी तिथं.
ते रडलेबिडले नाहीत.
खुंटी अर्धा केस फिरवली,
पुन्हा अर्धा केस,
आणि म्हणाले, भैरव काढ. तुझा धैवत कालपासून कच्चा आहे.

आता मी बैरकपूरला शिकवते,
पंख्याच्या खोलीत, नऊ मुलं.
त्यांच्या फोनमध्ये तंबोरा असतो,
कधी न थकणारा, कधी न घसरणारा.
शिकवणी सुरू होताना
मी तो हातात घेते, थोडा खाली करते.
नवीन मुलगी परवा म्हणाली,
बाई, हा तर कुठल्याच पट्टीत बसत नाही.
मी म्हटलं,
कोळसा कमी होता.
ती बघत राहिली.
मी काडेपेटी तिच्या डाव्या बाजूला ठेवली.