कांडी

मोबाईलच्या काचेला तडा गेलाय,
बरोबर राजकन्येच्या गळ्यावरून.
तरी बनश्री तोच सिनेमा रोज लावते.
राजकन्या कानडीत बोलते, गाणं हिंदीत म्हणते,
आणि दोन्हीत सांगते एवढंच की
मी वाट बघते.

वडगावात, आमच्या गल्लीत,
वीज आहे तोवर माग चालतात,
म्हणून नुसती चित्रं बघायची सवय आम्हाला.
आवाज नसला की ती नीट दिसते:
मनगटाहून डोळा मोठा.
अशा हाताला धोटा पेलायचा नाही.

परवा कांड्या भरता भरता माझा हात थांबला.
पोरीला पाळण्यातच कुणी शाप दिला
आणि राजानं राज्यातले सगळे राहाट
चौकात आणून पेटवले.
मागं घे गं, म्हटलं, एवढंच परत दाखव.
पुढं सोळा वर्षं ही रोज नवा झगा घालते.
सूत कुणी कातलं?
ज्यांचे राहाट जळले त्या बाया
सोळा वर्षं चुलीवर काय ठेवत होत्या?
बनश्री म्हणाली, ते दाखवत नाहीत.

बोटाला चाती टोचते, आणि ती शंभर वर्षं झोपते.
मला टोचली तेव्हा मी चौदाची.
हळद दाबली, चिंधी बांधली.
रक्त लागलेल्या कांडीचे पैसे मालकानं कापले.
पलीकडच्या काशव्वाला हे झोपेचं सांगितलं
तर मागाच्या वरताण ओरडली,
"नूर वर्षा? निद्दी?"
आणि हसता हसता उंबऱ्यावर बसली.
उठली मात्र लगेच.

मग कुणी परका येतो, झोपलेल्या पोरीचा मुका घेतो,
पाखरं उडतात, दरबार आनंदतो.
बनश्री नऊ वर्षांची आहे.
मी काचेवर हात ठेवला.
तिनं माझी बोटं एकेक करून बाजूला केली.

दुसऱ्या एका सिनेमातली एकजण
पाय मिळावेत म्हणून आवाज देऊन टाकते.
ते मला ठाऊक आहे.
कचेरीच्या खिडकीवर कानडी अर्जापुढं
मी बोटानंच दाखवत असते, इथं? का इथं?
प्रेमात कुणी पडत नाही.
पुढं सरक, म्हणतात.

(हे लिहिताना मी शाळेतल्यासारखं शुद्ध लिहिते.
तोंडानं आमच्या गल्लीतली प्रत्येक बाई
मी येतो, मी करतो, मी बघतो म्हणते.
पुण्याकडचे पाहुणे हसतात.
हसू देत.
सासूबाई मरताना म्हणाल्या, मी जातो गं.
त्या "जाते" म्हणाल्या असत्या
तर कोण गेलं ते मला कळलं नसतं.)

शाळेच्या गॅदरिंगला तेच नाटक बसवलं.
राजकन्या वकिलांची श्रीनिधी, ती गोरी.
बनश्रीला चातीवाली म्हातारी केलं,
सावळी म्हणून, आणि
घरी खरा राहाट आहे म्हणून.
केसांना मी पीठ लावून दिलं.

आता बोट लावायचं आणि पडायचं, एवढंच होतं.
श्रीनिधीनं बोट पुढं केलं.
बनश्रीनं तिचं मनगट धरलं.
"असं नक्को, लागतंय. थांब, मी दाखवतो."
विंगेतून बाई दातओठ खात, "दाखवते! दाखवते म्हण!"
आणि श्रीनिधीला, "झोप!"

झोपायला कुणाला सवड होती?
राजकन्या फतकल मारून बसली,
झग्याचा घेर गुडघ्यात कोंबला,
आणि राहाट फिरवायला लागली.
दोनदा धागा तुटला. जीभ दातात धरून
तिसऱ्यांदा तिनं तो स्वतः जोडला.

पडद्याआड राजपुत्र उभा होता,
पुठ्ठ्याची तलवार काखेत,
कुणीतरी दिलेला कुंदा खात.
त्यालाही बघायचं होतं.
हळूहळू तो पुढं आला, विचारलं,
माझा नंबर कधी?

कांडी वाकडीतिकडीच भरली होती.
घरी आणली, मागावर चढवली.
चालली.