काठ

सायकल गास्पारची. कायमचा फ्रान्सला जाताना
तीनशे दिरहमला त्यानं ती मला विकली
आणि टायरांपेक्षा जास्त वेळ नदीबद्दलच बोलला.
त्याच्या आजोळची नदी, फारशी रुंद नाही,
काठानं रस्ता, रस्त्यावर सहसा कोणी नाही,
वळणावळणाला जुनं दगडी चर्च, दाराला कुलूप,
किल्ली समोरच्या घरातल्या बाईकडे.
"तिला मागायची," तो म्हणाला,
जणू मी उद्याच निघणार होतो.

मी निघतो उम्म अल कुवेनच्या प्लँटवरून,
रात्रपाळी संपली की, साडेपाचला.
आमचं काम समुद्रातलं मीठ बाजूला काढायचं.
उरतं ते पाणी कमरेएवढ्या पाइपातून
वाळूवरून गावाकडे जातं. त्याला लागून रस्ता.
इथे काठ म्हणावा असा एवढाच.

मध्येच उतरून मी पाइपाला कान लावतो.
आत एकच सलग हुंकार.
खडक नाही, म्हणून खळखळ नाही.
धुणं नाही, डुंबणारी म्हैस नाही.
तरी नदीच ती. तिचा उगम
मी रजिस्टरात लिहून आलोय,
पंप नंबर तीन, चार वाजून दहा मिनिटं, खाली सही.

वडील उपदेशक होते. प्रवरेच्या काठची सात गावं,
सात प्रार्थनाघरं, सगळी पत्र्याची.
कॅरिअरला पिशवीत शास्त्र, हँडलला डांबराचा डबा,
कारण जिथे उपदेश तिथे गळती.
मी पुढच्या दांडीवर. उताराला ते स्तोत्र म्हणायचे,
चढाला गप्प.
स्तोत्रं मी विसरलो.
चढाचा तो श्वास मात्र मानेवर आहे अजून.

खाडीपाशी नूरुल होडी घेऊन उभा होता.
पलीकडच्या बेटावर जुना मठ सापडलाय,
भिंती मोकळ्या केल्यात, एवढं ऐकून होतो.
"पत्थर है सिर्फ," नूरुल म्हणाला, आणि वीस दिरहम मागितले.
सायकल जाळ्यावर आडवी ठेवली,
मागचं चाक कितीतरी वेळ
उगाच फिरत राहिलं.

तारेचं कुंपण. फाटकाला कुलूप.
समोर घर नाही, बाई नाही.
तरी मी वळून एकदा पाहिलंच.

भिंती गुडघ्याएवढ्या.
एक खोली, मग एक खोली, मग वाळू.
मी आधी हौद शोधला. धंद्याची सवय.
या खाऱ्या बेटावर ती माणसं
पीठ कशात भिजवत असतील?
एका कोपऱ्यात गोल खड्डा होता, तोच असावा.
त्यात एक खेकडा चालत होता,
तिरका, आपल्याच नादात,
सकाळची उपासना चुकलेल्या माणसासारखा.

राहुरीला फोन लावला. तिकडे साडेआठ.
"बाबा, एका चर्चपाशी उभा आहे. फार जुनं."
"किती जुनं?"
"इथे मशिदी आल्या नव्हत्या, तेव्हाचं म्हणतात."
ते थोडा वेळ खोकले.
"छप्पर कशाचं?"
"छप्पर नाही."
"मग पाऊस आला की?"
"पाऊस नाही इथे. वर्षातून एखाद-दोनदा."
पलीकडे शांतता. मग, अगदी मनापासून,
"बरंय की मग."

प्रार्थना वगैरे काही केली नाही.
बाटलीतलं पाणी अर्धं प्यालो,
प्लँटचंच, आपल्या हातचं, किंचित बेचव,
आणि अर्धं कुंपणातून हात घालून
पोहोचलं तिथवर टाकलं.
ते खड्ड्यापर्यंत गेलंच नाही.
वाळूनं मध्येच पिऊन टाकलं.

परतताना ओहोटी लागली होती.
निम्म्या खाडीत होडी चिखलावर बसली.
नूरुलनं लुंगी खोचली, मी पँट दुमडली,
दोघं खाली उतरून ढकलू लागलो.
रोहित पक्षी जरा बाजूला सरकले, उडाले नाहीत.
सायकल मात्र वरच होती, जाळ्यावर रेलून,
हँडल पुढे वळवून,
पुढचं गाव कुठलं ते बघत असल्यासारखी.