एकाच अंगानं

राजारामपुरीच्या आठव्या गल्लीत झेरॉक्सच्या दुकानावर
आमचं ऑफिस. सहा खुर्च्या, एक गळका एसी
आणि माझ्या स्क्रीनवर दोन भोवरे,
एक तांबडा, एक हळदी.
जाळी ओढून सोडते. येतात, धडकतात, बाजूला होतात.
पहिला आठवडा एवढंच.
तांबडा ज्या गतीनं गरगरत आला
त्याच गतीनं गरगरत गेला, हळदीही तसाच.
पंगतीत शेजारी बसून
एक शब्द न बोलता हात धुवायला उठावं, तसे.

धडकेचं गणित लिहिलं होतं मी.
घासण्याचं लिहिलंच नव्हतं.

मग लिहिलं.
दोघं जिथं टेकतात त्या एका बिंदूपाशी थांबायचं,
तिथल्या कातडीचा वेग काढायचा:
सरकण्याचा एक, फिरण्याचा दुसरा, त्रिज्येनं गुणलेला.
त्यातून समोरच्याचा वजा.
उरेल त्याच्या उलट एक हलका टोला, दोघांनाही,
पण धडकेला झेपेल तेवढाच.
मी उलटऐवजी सुलट दिला.
भोवरे एकमेकांना घासून
वाढत गेले, वाढत गेले,
आणि स्क्रीनच्या कडेतून बाहेर.
निंबाळकर सर खुर्ची सरकवत आले,
म्हणाले, हे असंच ठेवता येईल का?

रात्री भाकरी मोडता मोडता अब्बांना सांगितलं.
दस्तगीर शिकलगार, ग्राइंडर, छत्तीस वर्षं उद्यमनगरात.
त्यांनी दोन वाट्या पालथ्या घातल्या,
काठाला काठ लावला, दोन्ही उजवीकडं फिरवल्या.
कुर्रर्र.
"बग जुबेदा. दोगी एकाच अंगानं फिरत्यात,
पन जितं भेटत्यात तितं
एक वर जाती, एक खाली येती. म्हनून भांडान."
मग एक उलटी फिरवली. आवाज नाही.
"ह्या गुऱ्हाळातल्या लाटा.
उलट्या फिरत्यात, म्हनून तर ऊस आत वडत्यात."

ह्यासाठी मी सतरा पानं वाचली होती,
आकृत्यांसकट.
त्यांच्या एका वाटीच्या बुडाला
आमटीतला कढीपत्ता चिकटला होता.

सकाळी चिन्ह बदललं.
आता भिडले की गती टाकतात दोघंही,
तांबडा वर सरतो, हळदी खाली,
आरेवर डुलतात, तिरपे होतात, निजतात.
चार वेळा पाहिलं. मग चहाला गेले.

सर म्हणाले, घर्षण कमी करा,
पोरांना थांबलेलं आवडत नाही.
त्याची एक पट्टी आहे, बोटानं सरकते.
पॉइंट तीनवर होती, पॉइंट एकवर आणली.
अब्बांच्या शेडमध्ये अशी पट्टी नाही.
तिथं जॉब झिजतो आणि दगडही झिजतो,
पाण्याची धार सोडली तरी.
माझ्या खेळात घर्षण फक्त वेग नेतं,
रंगाचा टवकासुद्धा उडत नाही.
अब्बांचा त्यानं अंगठा नेलाय.
रेशनच्या दुकानात मशीन तीनदा लाल होतं.
"चाचा, अंगठा पुसा," दुकानदार म्हणतो.
ते विजारीला पुसतात.
परत लाल.
मग मी जाते, माझा चालतो.

रविवारी फोन त्यांच्या हातात दिला.
आधी अंगठा विजारीला पुसला त्यांनी.
काचेला ठसा लागत नाही, नुसतं बोट पुरतं,
हे मी सांगितलं नाही.
तांबडा सुटला. हळदीवर गेला, घासला, वर सरला.
मी स्क्रीन नव्हते बघत, त्यांचं तोंड बघत होते.
त्यांनी फोन उचलून कानाला लावला.
"आवाज कुटाय?"
कसला?
"घासल्याचा. दगड किती लागला
ते कानाला कळतं गं, डोळ्याला न्हवं."

तो मी टाकलाच नव्हता.
ते अजून तसेच बसलेत, फोन कानाशी,
नमाजच्या टोपीची कड त्यावर आलेली,
आणि आत दोघं फिरतायत.