पावणं

सकाळी नऊला मी इन्क्युबेटर उघडते
आणि मनातल्या मनात विचारते,
पावणं, जेवणार न्हवं?

सदतीस अंशांवर, गुलाबी पाण्यात
बसून असतात त्या पेशी.
कुण्या परदेशी म्हाताऱ्याच्या आतड्यातली गाठ.
तो कधीच गेला,
गाठ अजून वाढते आहे,
फ्लास्कमधून फ्लास्कमध्ये, देशातून देशात,
आणि आता इथं, कोल्हापुरात,
विद्यापीठाच्या माळावर,
जिथल्या खिडकीतून रंकाळासुद्धा दिसत नाही.

एकवीस दिवस सांभाळलं की
पेशी गाठपण विसरल्यागत करतात,
बारीक लव धरतात काठाला,
लहान आतड्यासारख्या वागू लागतात.
मग वाढायचं.

स्निग्धाम्ल पाण्यात विरघळत नाही,
अल्ब्युमिनच्या पाठीवर बसवून धाडते.
एका फ्लास्कला जवसातलं.
एकाला पामतेलातलं.
तिसऱ्याला काहीच नाही. त्याला कंट्रोल म्हणतात.
त्याच्याकडे मी नीट बघत नाही.

गंगावेशीत आमचा घाणा होता,
'सिद्राम मल्लाप्पा तेली' अशी निळी पाटी.
पामतेलाचे डबे आले, आणि दोन दिवाळ्यांत
आप्पांनी लाट विकली, बैल विकला,
उखळ कुणी घेतलं नाही.
खतावणी राहिली, लाल कापडाची.
गिऱ्हाईक दारात दिसलं की आप्पा
थेट त्याचंच पान काढायचे.
सगळ्या गल्लीची पानं आत होती,
उघडायचं मात्र
जो उंबऱ्याशी उभा, त्याचं.

केंद्रकात असंच काहीसं होतं.
स्निग्धाम्ल येऊन उभं राहतं,
एक प्रथिन त्याला तोंडावरून ओळखतं
आणि एवढ्या लांबलचक वहीतून
नेमकं पान निघतं:
ह्याला जाळा. ह्याला पुढं पोचवा.
वहीतलं अक्षर एकही बदलत नाही.
पामतेलाच्या पानावर
कधीकधी भांडणाची नोंद दिसते,
पण तीन नमुन्यांवर मी तसं लिहिणार नाही.

बुधवारी दोनदा लाईट गेली.
गुरुवारी जवसाची रेघ
तेविसाव्या फेरीला उठली,
उपाशी फ्लास्कची सत्ताविसाव्याला.
चार फेऱ्या, म्हणजे सोळा पट.
बोटांवर परत मोजलं.

रात्री आप्पांना सांगितलं.
बायपासनंतरचे आप्पा,
बिनतेलाचं वांगं ताटात इकडून तिकडं सारत होते.
म्हटलं, आतड्याचं अस्तर चार-पाच दिवसांत
झडून नवं येतं, आप्पा.
रविवारचा रस्सा ज्यांनी ओळखला
त्यातलं आज फारसं कुणी उरलं नसेल.
"आणि नव्यांस्नी कोण सांगतंय?"
ते मला अजून नीट माहीत नाही.

बराच वेळ गप्प. मग,
"तुझ्या त्या म्हाताऱ्याला चव लागती काय?"
जीभ नाही त्याला.
"म्हंजे नुसती नोंद."

त्यांनी डब्यातून चिमूटभर जवसाची चटणी घेतली,
माझ्याकडं न बघता,
आणि डोळे मिटून
हळूहळू चावत राहिले.