दावा क्रमांक एक

दावा एकाच वाक्यात लिहायचा असतो.
कितीही लांबो, पूर्णविराम एकच, शेवटी.
हे मी धरमपेठच्या अभ्यासिकेत शिकले, मे महिन्यात,
शेजारचे एमपीएससीवाले पंचायत राज घोकत असताना.
ते विचारतात, तुझी पोस्ट कोणती?
मी म्हणते, एजंट.
त्यांना विम्याचं वाटतं. मी वाटू देते.

कलम तीन पाठ आहे : काय काय शोध नव्हे.
शेतीची रीत नव्हे. खेळाचे नियम नव्हेत.
पिढ्यांनी आधीच जाणलेलं, तेही नव्हे.
कायदा नाही, नाही म्हणत मागे सरकतो
आणि भिंतीला पाठ टेकली की जे उरतं
त्याला शोध म्हणतो.

शिवाय या पुस्तकात एक माणूस राहतो, बिनचेहऱ्याचा :
त्या कलेतला जाणकार.
जगात छापलेलं सगळं त्यानं वाचलंय,
सुचलं मात्र कधीच काही नाही.
नवं काही आलं की त्याला उठवून विचारायचं,
तुला हे उघडच होतं का रे?
हल्ली तो स्वप्नात येतो.
चहा कर म्हटलं तर
पुड्यावरची कृती वाचून करतो.

सरावाला मी घरमालकांचा कूलर घेतला.
गुलाबराव बिंझाडे, गोळीबार चौक.
माग होता तोवर विणकर, मग कूलर मेकॅनिक.
ताटीतला वाळा खाली बसतो, वर भोक पडतं,
त्यातून झळ आत येते, हे अख्ख्या नागपूरला ठाऊक.
यांनी काड्या ताण्याबाण्यात विणल्या.
पाणी धाग्याधाग्यानं उतरतं, कुठे घाई नाही.

मी लिहिते : अशी ताटी, जिच्यात उभे तंतू,
की फक्त उभे आणि आडवे तंतू?
सैल सोडलं तर आजवरची प्रत्येक चटई आत शिरते.
आवळलं तर कोणीही
एक काडी जास्त घालून निसटतो.
आणि जाणकार कोण धरायचा?
कूलरवाल्याला हे सुचलं नसतं,
विणकराला सांगावंही लागलं नसतं,
आणि दोघं एकाच बनियनमध्ये
समोर बसून कांदा चिरताहेत.

काका, हे कोणाला दाखवलं होतं का?

"दाखवलं म्हंजे? बारा वर्सं झाले,
पाचपावलीत घरोघरी लावून देल्ल्या.
लपवू कायले? लोकं उकडून मरून राहिले न बापा."

गेलं. बारा उन्हाळ्यांपूर्वी, पहिल्याच घरी,
नावीन्य गेलं. मी तेव्हा सहावीत.
मी कलम समजावून सांगते. ते सुरी थांबवून ऐकतात.
"मंग आता ते कोनाचंच नाही?"
सगळ्यांचं, मी म्हणते.
"मंग तेच तं म्हनून राहिलो मी."
पण कांद्याचं ताट
जरा जोरात खाली ठेवतात.

रात्री मी दावा खोडते.
वर, पूर्वज्ञात कलेच्या रकान्यात, लिहिते :
ज्ञात आहे की, गोळीबार चौक, नागपूर येथे,
गुलाब बिंझाडे यांनी,
आणि स्वल्पविरामाशी पेन थांबतो.
पंपात काहीतरी अडकलंय, घरघरतोय.
काका अंधारातच उठतात,
टाकीला बरोब्बर जागी
एक टपली मारतात.