बाई, दूध नासलं

तुझं पहिलं वाक्य तीन शब्दांचं होतं, शेवंता.
माझ्या प्रॉम्प्टिंगच्या वहीत ते अजून आहे,
शाईला पाणी लागलंय, पण वाचता येतं:
बाई, दूध नासलं.
एवढं बोलून मोलकरणीनं आत जायचं होतं.

तू गेली नाहीस.
धनवटे रंगमंदिरात, मे महिन्यात,
कूलरच्या घरघरीत अर्धं नाटक वाहून जात असताना
तू पातेल्यात बघितलंस,
मग बाईंकडे,
मग पुन्हा पातेल्यात,
जणू दोहोंतलं नेमकं काय नासलंय
त्याचा अंदाज घेत.
पहिल्या रांगेतल्या पोस्टमास्तरांच्या तोंडातला खर्रा
त्यांच्याच सदऱ्यावर पडला.
मी विंगेत कुजबुजत ओरडत होतो, जा, आत जा!
दुसऱ्या प्रयोगापासून वहीत तिथं जागा सोडली
आणि लाल पेन्सिलीनं लिहिलं: थांबते.

कुठं शिकलीस, विचारलं एकदा.
म्हणालीस, "गोळीबार चौकात बापाचा माग होता, मास्तर.
धोटा इकडून तिकडं जाते ना,
मधात एक घडी काहीच वाजत नाही.
कापड त्या घडीतच होते."

नायिका बदलत गेल्या.
एक पुण्याला दिली, एकीचा आवाज बसला,
एक मालिकेत गेली आणि तिथंच मेली, तीनदा.
तू दारातच. आत्या, सुईण, घरमालकीण,
बहिरी शेजारीण, डाव्या गालावर खोटा मस
(वडशाला एकदा उजव्या गालावर गेला,
कोणी काही म्हणालं नाही).
झाडीपट्टीतल्या पौषातल्या रात्री,
घोंगड्या पांघरून बसलेली चार हजार माणसं,
तू आलीस की त्यांच्या तोंडातून एकदम वाफ निघायची.
हसू दिसतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

तिशीत तू सत्तरीची सासू झालीस.
सत्तरीत मेकअपवाला पोरगा म्हणाला,
बाई, थोडं म्हातारं करावं लागेल.

एकच गंभीर भूमिका मिळाली.
मुलगा गमावलेली आई, पांढरं लुगडं.
तू नुसती आलीस, आणि हॉल हसला.
चार प्रयोगांत नाटक बंद.
"मले पाहून लोकायले भूक लागल्यासारखं हसू येते,
त्याले मी काय करू?"
एवढंच बोललीस. मसाची डबी उघडलीस.
त्या पानावर मी काहीही लिहिलेलं नाही.

परवा जीवनगौरव.
सत्काराला प्रॉम्प्टर लागत नाही,
सवयीनं मी विंगेत स्टूल टाकून बसलो होतो.
तू माइकपाशी गेलीस आणि थांबलीस.
लोक हसू लागले. तू थांबलेलीच.
लोक टाळ्या वाजवू लागले.
इतक्या वर्षांत पहिल्यांदा
तुझी नजर विंगेकडे वळली,
आणि मला कळलं, हे थांबणं लाल पेन्सिलीचं नाही.

तोंडात आलं ते सांगितलं.
तू हातातल्या स्मृतिचिन्हात बघितलंस,
मग प्रमुख पाहुण्यांकडे,
मग पुन्हा स्मृतिचिन्हात.
"साहेब, दूध नासलं."

परतताना ऑटोत, अग्रसेन चौकाच्या सिग्नलला, म्हणालीस,
"मले काहीच ध्यानात नव्हतं, मास्तर.
तुमचं नावबी."
मी हसलो. तू हसली नाहीस.
सिग्नल सुटला.

आज सकाळी तुझ्या गच्चीवर गेलो.
प्लास्टिकवर मुगाचे पापड वाळत होते,
चार कोपऱ्यांवर चार पुरस्कार, वाऱ्यासाठी.
म्हटलं, हा पाचवा कुठं ठेवणार?
तू पापडांकडे बघितलंस.
मग माझ्याकडे.
"मधात," म्हणालीस.
"वारा मधातूनबी येते."